दुकानात चालतो, घरी चालत नाही

चंडीमंदिर,
१० नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या सुजाताचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली वाकणं कमरेपर्यंतच होतं, पुढचं तू मनात धर.) तुझी साखर किती आहे? फोनवर विचारलं की तू "उत्तम" म्हणतोस आणि मागून वहिनींचा "एकशे नव्वद!" असा आवाज येतो, म्हणून लेखी विचारते आहे. वहिनींचा खांदा आता वर जातो का? सुशांत दुकानाची पाटी बदलणार होता, ती बदलली की अजून बापलेकाचं रंगावरून अडलंय? आमच्याकडे सगळं ठीक आहे. सकाळी शाल लागते, दुपारी काढून ठेवावी लागते, आणि ती कुठे ठेवली हे संध्याकाळी आठवत नाही.

"सगळं ठीक आहे" हे रीत म्हणून लिहिलं. गेले आठ दिवस मी ज्या दिव्यातून गेले ते तुला सविस्तर कळलंच पाहिजे, आणि व्हॉट्सॲपवर ते कळवायची सोय नाही. चार ओळींच्या वर काही दिसलं की तू न वाचता जोडलेले हात पाठवतोस. मागे मी "ह्यांना एकशे दोन ताप आहे" असं कळवलं होतं, तेव्हाही जोडलेले हातच आले होते. म्हणून हे पत्र. निवांत बसून वाच.

तर घरात सध्या आम्ही तिघंच. निमिष पलटणीबरोबर एक्सरसाइजवर, म्हणजे युद्धसरावाला गेलाय, म्हणजे कुठे ते विचारायचं नाही आणि फोन लागला तर लागला. सूनबाईला, ज्ञानदाला, तिच्या मोहालीच्या ऑफिसने पंधरा दिवस हैदराबादला पाठवलंय. राहिलो मी, हे, आणि कश्मिरा. कार्टी नऊ वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं (बोलणी तर आधी कळतात), पण उत्तर हिंदीत. आणि माझा मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.चा शेवटचा पेपर राहिलेला, तर्कशास्त्र. दोनदा राहिला, हे तुला माहीत आहे. पहिल्यांदा तेहतीस मार्क, मग जोरदार अभ्यास केला तर एकतीस. हे कुठल्या तर्कात बसतं ते पुस्तकात दिलेलं नाही. ह्या डिसेंबरात माझ्या नोंदणीची आठ वर्षं संपतात. म्हणजे हा पेपर चुकला किंवा गेला, तर मागचे सगळे पेपर रद्द, पुन्हा पहिल्यापासून. दादा, मी त्रेसष्टची आहे. पुन्हा पहिल्यापासून म्हणजे काय ते मी तुला समजावून सांगायला नको.

पेपर काल, रविवारी नऊ तारखेला, सकाळी दहाला होता. घरूनच द्यायचा, पण लॅपटॉपवर, आणि तोही ज्याची महिन्यापूर्वी नोंद केली त्याच लॅपटॉपवर. दुसरा वापरायचा तर अर्ज करा आणि पंधरा दिवस वाट बघा. म्हणून मी घरात दवंडी पिटली होती की पेपर होईपर्यंत माझ्या लॅपटॉपला कोणीही बोट लावायचं नाही. कश्मिराला तर दोनदा बजावलं.

आता तुमच्या पार्सलाकडे येते. भाऊबीजेला निघालेलं पार्सल एकतीस तारखेला पोचलं. चकल्या अर्ध्या मोडल्या होत्या, पण चवीला तोड नाही. चिवड्याच्या पिशवीत वहिनींनी जपून गुंडाळलेला तो छोटा गणपती निघाला, गाडीत पुढे ठेवतात तसला, आणि चिठ्ठी, "पेपरला बसाल तेव्हा ह्याला जवळ ठेवा." मला भरून आलं, खरंच. दुसऱ्या दिवशी शनिवार, एक तारीख. मी सकाळी अंघोळ करून अभ्यासाला बसले. लॅपटॉप उघडला, कीबोर्डच्या खाली डाव्या हाताला जी मोकळी जागा असते तिथे गणपती ठेवला (कसा छान बसला, टेबल हललं तरी जागचा हलला नाही), नमस्कार केला आणि बटण दाबलं.

बारीक दिवा लागला, आतला पंखा भुर्रकन फिरला, आणि सगळं गप्प. पडदा काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा भुर्र, पुन्हा गप्प. हळू दाबून बघितलं, जोरात दाबून बघितलं, तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरलं. छे! आदल्या संध्याकाळपर्यंत तुरुतुरु चालणारं यंत्र, आणि आठ दिवसांवर पेपर. माझ्या पाचावर धारण बसली.

ह्यांनी चहा पिता पिता निदान केलं. "चकली." म्हणजे मी आदल्या दिवशी चकली खात खात अभ्यास केला (हे खरं आहे) आणि तिचे कण आत जाऊन यंत्र बिघडलं. सव्वीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाचं एक असतं, एकदा निदान केलं की ते बदलत नाही, पेशंटने काय ते बदलावं. मी लॅपटॉप उलटा धरून हलवला. चकलीचा एक काटा, तीन शेवा, अर्धा शेंगदाणा आणि कश्मिराची एक चमकी बाहेर पडली. ह्यांनी ते सगळं बशीत गोळा करून पुरावा म्हणून फ्रिजवर ठेवलं. मी लॅपटॉप पुसला, सरळ केला, गणपती जागेवर ठेवला, बटण दाबलं. भुर्र, गप्प.

मग निमिषचा फोन लागला. तो म्हणाला, आई, रिस्टार्ट कर. मी म्हटलं, अरे बाळा, जे स्टार्टच होत नाही ते री-स्टार्ट कसं करू? तोपर्यंत फोन कटला. कंपनीच्या मदत क्रमांकावर वीस मिनिटं सतार ऐकली, मग एका मुलीने फार गोड आवाजात विचारलं की, मॅडम, प्लग लावलाय ना? मी प्लग ह्या भिंतीतून काढून त्या भिंतीत लावला, चार्जर उलटसुलट केला, ह्यांनी व्होल्टेज कमी पडतंय म्हणून फ्रिज बंद केला (तो चालू करायचा राहिला, दूध नासलं, त्याचं पनीर केलं). दर वेळी मी गणपती नीट पुसून, नमस्कार करून, मगच बटण दाबत होते. बिघडलेल्या कामाला तर देवाचं नाव आधी घ्यायलाच हवं, नाही का?

कश्मिरा येता-जाता बघत होती. एकदा म्हणाली, "आजी, मैं देखूँ?" मी म्हटलं, खबरदार.

सोमवारी मी ठरवलं की माणसाला दाखवायचं. दुरुस्तीवाला घरी बोलवावा म्हटलं तर छावणीच्या गेटवर पास, त्याच्यासाठी ओळखपत्राची प्रत, मग अर्ज, मग निमिषची सही, आणि निमिष कुठल्या वाळवंटात! त्यापेक्षा आपणच जावं. लॅपटॉप स्वेटरमध्ये गुंडाळून कॅब केली आणि चंदीगडला सेक्टर बावीसच्या मार्केटात गेले. गणपती अर्थात घरी ठेवला. देवाला असं कॅबमध्ये पर्समध्ये कोंबून फिरवणं मला पटत नाही. दुकानात तरनजीतजी म्हणून पन्नाशीचे एक सरदारजी बसतात. मी त्यांना शनिवारपासूनची हकीगत चकलीसकट ऐकवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, लॅपटॉप उघडला, एका बोटाने बटण दाबलं, आणि तो मेला चालू झाला! पडद्यावर कश्मिराचा दात पडलेला फोटो, माझ्या नोट्स, सगळं जागच्या जागी. मला तोंडात मारल्यासारखं झालं. तरनजीतजी म्हणाले, आंटीजी, कभी कभी मशीन भी घूमना चाहती है. मी हसले, पण मला ते मुळीच आवडलं नाही.

घरी आले. टेबलावर ठेवला. गणपती ठेवला, नमस्कार केला, बटण दाबलं. भुर्र, गप्प.

बुधवारी पुन्हा सेक्टर बावीस. पुन्हा एका बोटात चालू. ह्या वेळी त्यांनी मागची पाठ उघडून आत वारा मारला, बॅटरी काढून घातली, तासभर चालू ठेवला. मी समोर बसून नजर हलवली नाही. एकदाही मिटला नाही. मला म्हणाले, जी, मशीन एकदम पक्की है, घर की लाइट चेक कराओ. क्वार्टरचा इलेक्ट्रिशियन त्याच संध्याकाळी आला, त्याने सगळे पॉइंट तपासले आणि म्हणाला की, माताजी, अशी लाइट तर जनरलसाहेबांकडेही नसेल. मी तिथल्या तिथे त्याच्यासमोर लॅपटॉप टेबलावर मांडला, विधिपूर्वक चालू करायला गेले. भुर्र, गप्प. त्याने माझ्याकडे असं बघितलं, दादा, की मला वाटलं आता हा ह्यांना बाजूला घेऊन काही विचारणार.

एव्हाना हे म्हणायला लागले की, जाऊ दे ना, ह्या वयात पदवी घेऊन कुठे नोकरी करणार आहेस? ते प्रेमाने म्हणाले, मला माहीत आहे, चेहरा उतरलेला बघवत नव्हता त्यांना. पण माझं टाळकं सणकलं. मी म्हटलं, तुम्ही एकदा रिटायर झालात तेव्हा बँड लावून, हार घालून, जीपमध्ये बसवून तुम्हाला गेटपर्यंत ओढत नेलं होतं. मी तुमच्या बारा बदल्यांत बारा वेळा भांडी बांधली आणि सोडली, मला कोणी पेन्सिलसुद्धा दिली नाही. हा एक कागद मला हवाय, आणि तो माझ्या नावाचा हवाय. ह्यांनी उठून स्वतः भाताचा कुकर लावला.

शुक्रवारी मी तिसऱ्यांदा गेले, आणि ह्या वेळी तयारीने. घरात जे जे असतं ते ते सोबत नेलं. माझा चार्जर, टेबलावरची विणलेली चटई, खुर्चीवरची उशी, अभ्यासाची वही, चहाचा थर्मास, आणि (तरनजीतजींना आधी सांगून) एक चकलीसुद्धा. त्यांच्या काउंटरवर चटई अंथरली, उशीवर बसले, चकली खाल्ली, बटण दाबलं. चालू! दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपली कामं सोडून बघत उभी होती. त्यांतल्या एकाने टाळी वाजवली. तरनजीतजींनी हात टेकले. म्हणाले, आंटीजी, अब जो भी है, आपके घर में है.

शनिवार, आठ तारीख. उद्या पेपर. ज्ञानदा हैदराबादहून रडवेली होऊन म्हणाली की, आई, परीक्षा दुकानातून देता येईल का? पण परीक्षेचा नियम असा की खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, आणि शनिवार-रविवारी बावीस सेक्टरात माणूस न दिसणारी जागा मिळायची नाही. मी खोलीत बसले आणि दार लावून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू. मग समोर तर्कशास्त्राचं पुस्तक पडलं होतं ते रागाने उघडलं. व्यतिरेक पद्धती. दोन प्रसंग घ्या, एकात गोष्ट घडते, दुसऱ्यात घडत नाही, बाकी सगळं सारखं आणि एकाच बाबीत फरक. तर त्या बाबीशी कारण जोडलेलं असतं. हे मी आठ वर्षं घोकलं आणि दोनदा नापास झाले, पण ह्याचा घरात काही उपयोग असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं बघ!

वहीत दोन रकाने केले. एकीकडे दुकान, एकीकडे घर. चार्जर दोन्हीकडे. चटई, उशी, थर्मास, मी, सगळं दोन्हीकडे. चकली दोन्हीकडे (हे मी ठळक लिहिलं आणि ह्यांना दाखवलं). मग फक्त घरी आहे असं काय? खिडकी, हे, आणि... तिसरं लिहायला माझा हात धजेना. आधी खिडकी बंद केली. गप्प. मग ह्यांना वर्तमानपत्र देऊन बागेत पाठवलं. गप्प. (ते म्हणाले, मी आत येऊ का? मी म्हटलं, थांबा, अजून सिद्ध व्हायचंय.) मग मात्र एकच उरलं. उद्या पेपर, आणि आज कोणी देवाला उठ म्हणतं का? शेवटी हात जोडले, म्हटलं, बाप्पा, रागावू नकोस, तर्कशास्त्राच्या पुस्तकात लिहिलंय म्हणून करतेय, आणि त्याला उचलला. तो जरा ओढूनच उचलावा लागला.

पडदा लख्ख उजळला.

खाली ठेवला, काळा. उचलला, लख्ख. मी हे अकरा वेळा केलं. मग इतक्या जोरात हाक मारली की हे बागेतून आणि कश्मिरा वरच्या खोलीतून धावत आली. कश्मिराने गणपती हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाली, "आजी, इसके नीचे मॅग्नेट है. लॅपटॉप को लगता है ढक्कन बंद है, तो वो सो जाता है." गाडीच्या पत्र्याला चिकटावा म्हणून तळाशी लोहचुंबक, आणि झाकण मिटलंय की उघडं हे लॅपटॉप अशाच चुंबकावरून ओळखतो म्हणे! तिच्या टॅबच्या कव्हरातही तेच असतं. मी म्हटलं, अगं बये, मग आठ दिवस सांगितलं का नाहीस? तर म्हणते कशी, "आपने ही तो बोला था, खबरदार." ह्यांचं म्हणणं असं की गणपती चिवड्यातून आला आणि चिवडा चकलीच्या शेजारी होता, तेव्हा मूळ निदान अगदीच चुकीचं नव्हतं.

काल पेपर दिला. गणपती खिडकीत, लॅपटॉपपासून चार हात लांब बसवला होता. कॅमेऱ्यातून खोली दाखवावी लागते, तेव्हा देखरेख करणाऱ्या बाईंनी विचारलं की खिडकीत कोण आहे? मी सांगितलं, घरचेच आहेत. तीन तास लिहिलं, म्हणजे टाइप केलं. आणि दादा, व्यतिरेक पद्धतीवर एकही प्रश्न आला नव्हता. अर्ध्या मार्काचाही नाही!

असो. तब्येतीला जप, वहिनींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझी
सुजाता

ता. क. १ : गणपतीचं वहिनींना अजिबात सांगू नकोस, त्यांना उगाच वाईट वाटेल. माझी पत्रं त्याच तुला मोठ्याने वाचून दाखवतात हे आत्ता लक्षात आलं. वहिनी, चकल्या फार खुसखुशीत झाल्या होत्या.

ता. क. २ (२ डिसेंबर) : पत्र पाकिटात घालून टपालात टाकायचं राहिलं. निकाल लागेपर्यंत हात होईना, हे खरं कारण. निकाल आज लागला. अठ्ठावन्न! मी पास झाले, दादा. बी.ए. झाले. ज्ञानदाने सगळ्या ऑफिसला पेढे वाटले, निमिषने कुठून तरी फोन लावला आणि दोन मिनिटं नुसता "आई, आई" करत होता. ह्यांनी मला अंगणात उभं करून कडक सॅल्यूट ठोकला. मी रडले. तू इथे हवा होतास.

ता. क. ३ : आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. बाबा गेले तेव्हा तू सेकंड इयर बी.कॉम.ला होतास. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी तू भांड्यांच्या दुकानात जाऊन बसलास, आणि जूनमध्ये माझं नाव शाळेतून काढू पाहणाऱ्या काकांना तू एकट्याने उत्तर दिलंस. तू नंतर कधी त्याबद्दल बोलला नाहीस, पण मला कॉलेजात (लग्नामुळे अर्धवट राहिलं ते) सोडायला आलास तेव्हा फाटकाच्या आत आला नाहीस, ते मी बघितलं होतं. आता दुकान सुशांत बघतो. तू दिवसभर पाटीच्या रंगावरून त्याच्याशी भांडतोस. तर मी तुझा बी.कॉम.च्या प्रवेशाचा फॉर्म भरलाय. जुने मार्क सुशांतने कपाटातून शोधून मला गुपचूप पाठवले, फोटो निमिषच्या लग्नातला लावलाय, फेटा कापून. सगळं झालंय, फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी आहे, आणि ते दाबलं की तुझ्या मोबाइलवर सहा आकडी नंबर येईल, तो तू मला सांगायचा. कोणाला नंबर सांगू नका असं बँकवाले म्हणतात ते बरोबरच आहे, पण मी तुझी बहीण आहे. पत्र मिळालं की मला फोन कर, नाही म्हणायला करू नकोस. एकोणपन्नास वर्षं थांबला आहेस. हा नंबर मात्र दहाच मिनिटं चालतो, तेव्हा चष्मा आधी शोधून ठेव.